गालिच्यावर सांडलेली लाल वाईन

मागच्या भागात आपण हळदीच्या डागांबद्दल बोललो. त्यानंतर फोन आले ते बहुतेक गंगापूर धरणाकडून आणि दिंडोरीकडून, आणि सगळ्यांची विचारणा एकच, लाल वाईनचा डाग गालिच्यावरून कसा काढायचा? काही जणी म्हणतील, हा कुठला विषय काढला? आपल्या घरात गालिचा कुठे आहे, आणि वाईन तर त्याहून नाही. खरं आहे. पण दुसऱ्याच्या घरातला गालिचा आपल्यातल्या पुष्कळ जणी रोज झाडतात. राज्य सरकारनं २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि नाशिकची द्राक्षं फक्त पेटीत भरून जायची ती आता बाटलीतही जाऊ लागली. त्याबरोबर रिसॉर्ट आले, बंगले आले, पाहुण्यांना खोल्या देणारी घरं आली. रात्री पेला लवंडतो कुणाचा तरी, आणि सकाळी डाग येतो आपल्या वाट्याला.

आधी हा रंग म्हणजे काय ते बघू. काळं द्राक्ष सोलून बघा, आतला गर बहुतेक फिकाच असतो. रंग सालीत असतो. लाल वाईन करताना रस सालीसकट आंबवतात, म्हणून तो रंग उतरतो. या रंगाला अँथोसायनिन म्हणतात. जांभळात तोच, कोकमात तोच. आणि त्याची एक खोड आहे. आंबट पदार्थाबरोबर तो लाल राहतो, सोडा किंवा साबण लागला की निळा-जांभळा होतो. घरी करून बघायचं असेल तर जांभळाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. वर लिंबू पिळलं की लाली परत येते. हळदीला साबण लागला की ती लाल होते ना, तसलाच हा प्रकार, फक्त रंग वेगळे.

हे सांगायचं कारण आहे. एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं की तिनं डागावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं आणि लाल डाग निळा-काळा पडला. घरमालकीण म्हणाली, तू गालिच्याचा रंग बिघडवलास. आणि पगारातून पैसे कापले. आता यात गालिच्याचा रंग बिघडला नव्हता, वाईनचा रंग बदलला होता. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून तो टिपला असता तर निळेपणा पुन्हा लालीकडे वळला असता. लोकरीला सोडा वाईट, हे मात्र खरंच. त्यानं लोकर खरखरीत होते आणि तिचा मूळचा रंगही उतरू शकतो. पण डाग निळा झाला एवढ्यावरून कुणाचा पगार कापायचा नसतो. नुकसानीपोटी पैसे कापण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हे कारखान्यांसाठी १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलं आहे. घरकामाच्या बाईला असं कोण विचारतं?

म्हणून पहिली गोष्ट पाण्याची नाही, फोनची. डागाला हात लावण्याआधी त्याचा फोटो काढा आणि घरच्यांना दाखवून विचारा, ‘ताई, हा रात्रीचा डाग आहे, मी साध्या पाण्यानं टिपून बघू का?’ डाग किती मोठा होता, कोणत्या रंगाचा होता, हे मग फोटोत राहतं.

दुसरं म्हणजे गालिचा कशाचा आहे ते ओळखा. मालकांना ठाऊक असेल तर उत्तम. नसेल तर त्यांना विचारून मागच्या कडेचा एखादा सुटा धागा घ्या, चिमट्यात धरून मोरीपाशी जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर किंवा रेशीम. धागा वितळून टणक मणी झाला, तर नायलॉन किंवा तसला कृत्रिम. कागद जळल्यासारखा वास आला, तर सूत, ताग किंवा व्हिस्कोज. भदोही-मिर्झापूरकडचे हातानं विणलेले गालिचे बहुतेक लोकरीचे असतात, काश्मीरचे लोकरीचे किंवा रेशमाचे. ताग आणि व्हिस्कोजला जास्त पाणी सोसत नाही, ताग तपकिरी पडतो. तिथे कोरड्या फडक्यानं टिपा आणि थांबा. रेशमालाही तेच. रेशमाच्या गालिच्याची किंमत आपल्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी असते, तो धुणाऱ्याकडेच जाऊ द्या.

आता प्रत्यक्ष काम. डाग ओला असेल तर निम्मी लढाई जिंकलीच. पांढरं, धुऊन मऊ झालेलं सुती फडकं घ्या. जुन्या धोतराचं किंवा चादरीचं चालेल, पण रंगीत नको, त्याचाच रंग लागायचा. फडकं डागावर ठेवून तळव्यानं दाबा, उचला, कोरडी बाजू घ्या, पुन्हा दाबा. टिपकागदानं शाई टिपतो तसं. कडेकडून मध्याकडे या, नाहीतर डाग पसरतो. चोळायचं अजिबात नाही. चोळलं की रंग खाली बुडाशी जातो आणि वरचे धागे पिंजतात. वाईन काढली तरी तो पिंजलेला ठिपका कायमचा दिसत राहतो.

फडक्याला रंग लागायचा थांबला की थोडं गार पाणी शिंपडा आणि पुन्हा टिपा. असं चार-पाच वेळा. पुष्कळसा डाग एवढ्यानंच जातो. पाणी ओतायचं मात्र नाही. गरम पाणीही नको. सुती टेबलक्लॉथ ताणून वरून उकळतं पाणी ओतायची रीत तुम्ही ऐकली असेल. कापडातून पाणी आरपार जातं म्हणून ती तिथे चालते. गालिच्यातून पाणी जाणार कुठे?

उरलेल्या डागासाठी दोन कप गार पाण्यात लोकरीचे कपडे धुण्याच्या लिक्विडचा एक चहाचा चमचा आणि पांढऱ्या व्हिनेगरचा एक मोठा चमचा घाला. सोफ्याखाली कुठेतरी कोपऱ्यात लावून बघा, गालिच्याचा रंग फडक्याला लागला तर तिथेच थांबा. नसेल लागत तर फडकं त्यात बुडवून, पिळून, डागावर दाबा. पाच मिनिटांनी साध्या पाण्यानं टिपून लिक्विड काढून टाका. ते राहिलं तर त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात तिथेच काळा डाग दिसतो.

मीठ घालू का, असं खूप जणी विचारतात. मीठ ओल ओढतं, पण ते काम फडकं जास्त चांगलं करतं, आणि धाग्यांत अडकलेलं मीठ पावसाळ्यात पुन्हा ओल धरतं. आमचा कौल फडक्याला. लाल वाईनवर पांढरी वाईन ओतावी, असाही एक सल्ला आहे. त्यात बहुतेक पाणीच असतं, मग पाणीच वापरा की! तुरटी मात्र अजिबात नको. तुरटीनं रंग पक्का होतो, रंगारी तेवढ्यासाठीच ती वापरतात. गंजक्या बादलीतलं पाणीही टाळा. वाईनमध्ये आवळ्यासारखा तुरटपणा असतो, आणि लोखंडी विळीवर आवळा चिरला की काय होतं ते तुम्ही पाहिलंय.

फिकट रंगाच्या नायलॉनच्या गालिच्यावर डाग राहिलाच, तर हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतं. मेडिकलमध्ये मिळतं. बाटलीवर सहा टक्के किंवा २० व्हॉल्यूम लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालून निम्मं करा. हातमोजे घाला, कोपऱ्यात तासभर लावून बघा, मग डागावर लावून अर्ध्या तासानं पाण्यानं टिपा. लोकरीवर हे तुम्ही आपल्या जबाबदारीवर करू नका.

आणि हे नीट ऐका. संडास-फरशीसाठी वापरतो ते ब्लीच गालिच्याला लावू नका, लोकर त्यात अक्षरशः विरघळते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत छातीत भरतो, जीवावर बेततं. कोणी सांगितलं तरी करू नका. चुकून मिसळलंच तर तिथे थांबून पुसत बसू नका, बाहेर मोकळ्या हवेत या. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एकत्र बाटलीत भरून ठेवायचं नाही.

डाग गेला म्हणून निघून जायचं आणि दुसऱ्या दिवशी तो परत हजर! यात भुताटकी नाही. समईच्या वातीतून तेल वर चढतं ना, तशी बुडाशी राहिलेली वाईन वाळताना धाग्यांतून वर येते. म्हणून शेवटी पांढऱ्या फडक्यांची चांगली जाड घडी डागाच्या जागेवर ठेवा, वर प्लास्टिक आणि त्यावर दोन-तीन जड पुस्तकं. रात्रभरात वर येणारा रंग फडक्यात जातो. सकाळी घडी काढा, गालिच्याची कड विटेवर उचलून खालून हवा लागू द्या, पंखा लावा. इस्त्री किंवा हेअर ड्रायर नको, उष्णतेनं उरलेला रंग धरून बसतो. बूड ओलं राहिलं तर कुबट वास येतो, म्हणून पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी लागू द्या, आणि तोवर त्यावर सोफा सरकवू नका, असं घरच्यांनाही सांगून ठेवा.