आकाशांतून घेतलेलें चित्र अस्पष्ट कां येतें?

उंचावरून पृथ्वीचें चित्र टिपावें, ही हौस कांहीं आजची नव्हे. १८५८ सालीं नादार नांवाच्या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसजवळ फुग्यांत बसून हा उद्योग आरंभिला. पण फुग्यांतून निसटणाऱ्या वायूनें त्याच्या ओल्या कांचा वारंवार बिघडत. १८६० सालीं जेम्स ब्लॅक यानें फुग्यांतून बोस्टन शहराचें जें चित्र घेतलें, तें आज उपलब्ध असलेल्या अशा चित्रांत सर्वांत जुनें होय. १९०६ सालीं भूकंपानें उद्ध्वस्त झालेलें सॅनफ्रान्सिस्को शहर जॉर्ज लॉरेन्स यानें पतंगांच्या माळेला कॅमेरा टांगून टिपलें. आज हेंच काम ड्रोन नांवाचें, चार पंख्यांवर तरंगणारें लहानसें यंत्र करतें. लग्नाच्या मांडवावर तें घिरट्या घालतांना आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेलच. सोय वाढली खरी. परंतु हलत्या बैठकीवरून स्थिर चित्र कसें घ्यावें, ही अडचण फुग्यापासून ड्रोनपर्यंत तीच राहिली आहे. तिच्याविषयीं आज चार शब्द सांगण्याचा विचार आहे.

हें सांगण्याचा अधिकार मला विद्वत्तेनें आलेला नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर. अधिकार आला तो चुकीनें. दोन वर्षांपूर्वीं आमचें कोंकणांतील वडिलोपार्जित घर उतरवावयाचें ठरलें. भिंतींना तडे गेले होते, वाटण्या झाल्या होत्या, इलाज नव्हता. माझा पुतण्या ड्रोन घेऊन आला व म्हणाला, "काका, घर एकदां वरून टिपून ठेवूं. कौलांचीं पाखीं, खळें, विहीर, आगर, सगळें एका चित्रांत येईल." दुपारची मुंबईची गाडी गांठावयाची म्हणून मी सारखी त्याच्यामागें घाई लावली होती. त्यानें सुमारें तीस चित्रें घेतलीं. हातांतल्या लहान पडद्यावर तीं सुरेख दिसलीं. मुंबईस येऊन मोठ्या पडद्यावर पाहतों, तों प्रत्येक कौल वाहत्या पाण्याखालीं ठेविल्यासारखें! तोंपर्यंत घराचे वासेही उतरले होते.

मग आम्हीं दोघांनीं बसून कारणें शोधलीं. त्यांत गणित आहे, पण तें शाळेंतील त्रैराशिकापलीकडे जात नाहीं. २०१६ सालीं निघालेलें फँटम ४ प्रो हें ड्रोन उदाहरणादाखल घ्या. त्याच्या भिंगामागें १३.२ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशग्राही पृष्ठभाग असतो. त्यालाच सेन्सर म्हणतात. त्याच्या रुंदींत ५४७२ बिंदु, म्हणजे पिक्सेल, बसविलेले आहेत. भिंगाचें नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर. १३.२ भागिले ८.८ म्हणजे दीड. अर्थात् ड्रोन जितकें उंच, त्याच्या दीडपट रुंदीची जमीन चित्रांत येते. २० मीटर उंचीवरून ३० मीटर रुंदी दिसते, आणि ती ५४७२ बिंदूंत वांटली कीं एका बिंदूच्या वांट्यास सुमारें साडेपांच मिलिमीटर जमीन येते.

आतां ड्रोन सेकंदाला २ मीटर या गतीनें सरकत आहे आणि कॅमेऱ्याचें शटर १/६० सेकंद उघडें आहे, असें धरा. तेवढ्या अवधींत तें ३ सेंटिमीटरांहून अधिक पुढें जातें. म्हणजे कौलाची कड एका बिंदूवर न उमटतां सहा बिंदूंवर पसरते. तेंच शटर १/१००० सेकंद उघडें राहिलें, तर सरकणें होतें अवघें २ मिलिमीटर, अर्ध्या बिंदूहूनही कमी. चित्राच्या रेखीवपणाचें पहिलें मर्म या दोन आंकड्यांच्या फरकांत आहे.

आमचें नेमकें येथेंच बिनसलें होतें. चलच्चित्र घेतांना हालचाल डोळ्यांस सलग वाटावी म्हणून शटर मुद्दाम अधिक वेळ उघडें ठेवतात, व उन्हांत तें साधावें म्हणून भिंगावर गडद कांच बसवितात. पुतण्यानें आदल्या दिवशीं एका लग्नाचें चलच्चित्र घेतलें होतें. सोळांतला एकच भाग प्रकाश आंत सोडणारी ती कांच काढावयाची राहून गेली. कॅमेऱ्यानें आपण होऊन १/१००० च्या जागीं १/६० सेकंद शटर उघडें ठेविलें. त्यांत माझी घाई. त्यामुळें ड्रोन न थांबवितां चालत्या गतींतच बटण दाबलें जात होतें.

तेव्हां पहिला नियम असा, कीं स्थिर चित्रासाठीं गडद कांच काढावी, ड्रोन हवेंत थांबवावें आणि थांबल्यावरही दोन-तीन सेकंद जाऊं द्यावे. कॅमेरा ज्या तीन अक्षांच्या झोक्यावर बसविलेला असतो, त्याला ड्रोनची हिसक्याची हालचाल जिरवावयास तेवढा अवकाश लागतो. मग एकच चित्र न घेतां लागोपाठ तीन किंवा पांच घ्यावीं. वाऱ्याच्या झुळकेंतही त्यांतील एखादें स्थिर निघतें.

दुसरें कारण फोकसचें. कांहीं लहान ड्रोनांचें भिंग एकाच अंतरावर कायम बसविलेलें असतें. तेथें ही चिंता नाहीं. परंतु ज्यांत फोकस बदलतो, त्यांत तो उड्डाणापूर्वीं जवळच्या जमिनीवर लागलेला असेल, तर वर गेल्यावरही तेथेंच राहूं शकतो. म्हणून हव्या त्या उंचीवर पोंचल्यावर पडद्यावर घराच्या कडेवर बोट टेकून फोकस नव्यानें लावावा.

तिसरी गोष्ट भिंगाच्या छिद्राची. छिद्र लहान केलें कीं चित्र अधिक रेखीव येतें, असें जुने छायाचित्रकार सांगत, व मोठ्या कॅमेऱ्यांत तें बव्हंशीं खरेंही आहे. पण लहान छिद्रांतून जातांना प्रकाश पसरतो. एफ ११ या छिद्रानें हिरव्या प्रकाशाचा एक ठिपका सेन्सरवर सुमारें १५ सहस्रांश मिलिमीटर व्यासाचा होतो. वर सांगितलेल्या कॅमेऱ्याचा एक बिंदु तर अडीच सहस्रांशांहूनही लहान. म्हणजे ठिपका सहा बिंदूंएवढा झाला! यासाठीं एफ ४ ते एफ ५.६ यांच्या आसपास राहणें श्रेयस्कर. त्यायोगें शटरही अल्पकाळ उघडें ठेवतां येतें, व आयएसओ १०० वर ठेवून चित्रांतील खरखर टाळतां येते.

चौथी गोष्ट हवेची. कोंकणांत थंड केलेल्या मोटारींतून ड्रोन बाहेर काढलें, कीं दमट हवेंत भिंगावर दंव धरतें. यंत्राला बाहेरच्या हवेची संवय होईपर्यंत कांहीं वेळ थांबावें. भिंगावर बोटाचा ठसा नाहीं ना, हें मऊ फडक्यानें पुसून पाहावें. भर दुपारीं तापलेल्या कौलांवरून व डांबरी रस्त्यांवरून हवा थरथरत वर चढते. तो दोष कोणत्याही भिंगानें निघत नाहीं. सकाळची वेळ, विशेषतः पाऊस पडून गेल्यानंतरची, सर्वांत चांगली.

हा सगळा खटाटोप केवळ हौसेसाठीं, असें मात्र कोणीं समजूं नये. केंद्र सरकारनें एप्रिल २०२० मध्यें स्वामित्व योजना सुरू केली. तींत उड्डाणापूर्वीं घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा आंखतात, भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोननें गांवठाणाचीं चित्रें घेतो, आणि त्यांवरून नकाशे होऊन मालमत्तापत्रकें देण्यांत येतात. चुन्याची रेघ ती केवढी! शंभर मीटर उंचीवर, आपल्या उदाहरणांतील कॅमेऱ्यानें, तिच्या वांट्यास दोन-चार बिंदु येणार. तेवढेही पसरले, तर दोन शेजाऱ्यांमधली हद्द चित्रांतून पुसली जावयाची.

ड्रोन उडविण्यापूर्वीं आपली जागा कोणत्या क्षेत्रांत येते, हें सरकारच्या नकाशावर पाहावें. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें हरित क्षेत्रांत ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारें १२० मीटरपर्यंत, उड्डाणास वेगळी परवानगी लागत नाहीं. शेजाऱ्याच्या अंगणांत डोकावूं नये, हें सांगावयास नियम कशाला?

आणि शेवटचें सांगणें. यंत्र खालीं उतरलें कीं तेथेंच, सावलींत उभें राहून, एक चित्र पडद्यावर पूर्ण मोठें करून कडा तपासाव्या. या कामास दोन मिनिटें लागतात. आमचीं तीस चित्रें मीं टाकून दिलेलीं नाहींत. तिरप्या घेतलेल्या एका चित्रांत विहिरीपाशीं थोरली वहिनी उभी आहे. ती ओळखूं येते ती उभें राहण्याच्या ढबीवरून. चेहरा दिसत नाहीं. आपल्या घरावरून उद्यां कोणी ड्रोन उडविणार असेल, तर त्यास कृपा करून घाई करूं नका. गाडी चुकली तर चुकूं द्या.