'कातीव' कशाला म्हणायचं? : लेथ, लाटणं आणि हाताचं ज्ञान

मंडळी, 'कातीव' हा शब्द आपण चेहऱ्याला सहज लावतो. पण तो मूळचा कातारी लोकांचा. लाकूड फिरवून घडवतो तो कातारी. संस्कृतात 'कृत्' या धातूचे दोन अर्थ आहेत : कापणे आणि सूत कातणे. लेथसमोर उभं राहिलं की दोन्ही एकत्र दिसतात. लाकूड चातीसारखं फिरतं आणि त्याच वेळी कापलंही जातं.

इथे कळंब्यात माझ्या घराच्या पार्किंगमध्ये एक छोटी लेथ आहे. नव्या माणसाला मी पहिल्यांदा लाटणंच करायला सांगतो. चौकोनी तुकड्याच्या दोन्ही टोकांना कर्ण काढून मध्य शोधायचा, तुकडा दोन टोकांत घट्ट धरायचा आणि गाउज, म्हणजे पन्हळीसारखी पोकळ पटाशी, टेकूवर ठेवायची. आधी धार नव्हे, धारेमागचा उतार लाकडाला टेकवायचा. मग मूठ हळूहळू उचलत जायची. एका क्षणी धार लागते आणि लांब छिलका सुटतो. कापायचं ते जाड भागाकडून बारीक भागाकडे. उलट गेलात तर रेषे उचकटतात. सैल बाही, ओढणी, हातमोजे मात्र अजिबात नकोत. फिरतं लाकूड कापड ओढून घेतं, पाठोपाठ हातही. चष्मा हवाच.

आता, 'मूठ हळूहळू उचला' म्हणजे नेमकी किती? हे मला सांगता येत नाही. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत फरक केला. दुसरं पहिल्यात पूर्ण उतरवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. त्याचा अर्थ हाताला लेथवरच कळतो.

म्हणूनच मला सावंतवाडीची काळजी वाटते. तिथल्या चितारी घराण्यांची लाकडी खेळणी, लाखकाम, गंजिफा आपण सगळ्यांनी पाहिलीत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि रंग चढतो. दाब किती, वेग किती, हे कुठल्या पोथीत लिहिणार? गंजिफा बनवण्याची कला अशीच संपत आली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा काम सुरू केलं. तो म्हातारा हात हयात होता, म्हणून जमलं. नुसते जुने पत्ते कपाटात राहिले असते, तर नक्षी कळली असती, काम नव्हे.

आपण हौशी लोक त्या घराण्यांची जागा घेऊ शकत नाही. उगाच तसा आव आणू नये. पण ज्यांच्याकडे लेथ आहे त्यांनी एकदा आंबोलीमार्गे सावंतवाडीला जावं, कारागिराच्या परवानगीने तासभर त्याचे हात बघावेत आणि घासाघीस न करता एक भोवरा विकत घ्यावा. घरी आपला भोवरा त्याच्याशेजारी फिरवून पाहा. आपला डुलायला लागला, तर मध्य कुठे हुकला ते शोधत बसा.

आता प्रश्न घेऊ या.