शुक्रावरच्या डॉक्टरीणबाई

विवेकानंद जयंतीला बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमात माणसांचा पूर लोटतो. पंगतींच्या लांबच लांब रांगा, मधून फिरणारे पुऱ्यांनी भरलेले ट्रॅक्टर आणि वांग्याच्या भाजीचा घमघमाट. विवेकानंद शिकागोला कधी गेले, हे इथल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा: 1893. आता पुढचा प्रश्न. त्यांच्या दहा वर्षं आधी, त्यांच्याच कलकत्त्याच्या बंदरातून अमेरिकेला जायला बोटीत कोण बसलं होतं?

अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी. एप्रिल 1883. नवरा सोबत नाही.

अशा बायकांची मुलांसाठी लिहिलेली चरित्रं बहुधा फार सोज्वळ असतात. ‘लहानपणापासून हुशार, कष्टाळू, आज्ञाधारक’ असं सुरू झालं की तिसऱ्या पानावर पोरगं जांभई देतं. आणि आज्ञाधारक कसल्या! खरा मसाला नेमका गाळलेला असतो. तो हा घ्या.

आनंदीबाईंचं अमेरिकेतलं घर ठरलं दातांच्या डॉक्टरमुळे. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटरबाई दातांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत होत्या. वेळ जाईना म्हणून तिथलं एक मिशनरी मासिक चाळलं, तर त्यात आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळराव जोश्यांचं पत्र: बायकोला शिकवायचंय, मदत हवी. मासिकवाल्यांनी मदत नाकारली होती, बाईंनी मात्र थेट पत्र धाडलं. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

आनंदीबाई शिकल्या त्या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरकीच्या कॉलेजातला 1885 चा एक फोटो पोरांना जरूर दाखवा. तीन विद्यार्थिनी, तीन देश. आनंदीबाई साडीत, जपानच्या ओकामी किमोनोत, सीरियाच्या इस्लांबुली त्यांच्याकडच्या पेहरावात. तिघी डॉक्टर झाल्या. 11 मार्च 1886 च्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. (‘पहिली कोण’ यावर भांडू नका. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या.) वर्षभरात, बावीस पूर्ण व्हायच्या आधीच, आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा मात्र मावशीकडे पोचली आणि न्यूयॉर्क राज्यात कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली.

आणि शुक्रावर त्यांच्या नावाचं विवर आहे, सुमारे 34 किलोमीटर रुंद. शुक्रावरच्या ठिकाणांना बायकांचीच नावं द्यायचा रिवाज. पुरुष म्हणाल तर मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाचा एक डोंगर, तोही रिवाज पडण्याआधीचा. सोबतही आपलीच: मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, बेने इस्रायल समाजातल्या, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या. शिवाय पंडिता रमाबाई, सासरच्या ‘मेधावी’ आडनावानं.

या रमाबाई आश्रमातल्या पोरांना वेगळ्या कारणानं ठाऊक हव्यात. त्यांच्या विधवाश्रमासाठी अमेरिकेत पैसे जमवणारी ‘रमाबाई मंडळं’ होती. हिंदू विधवांच्या हालांवरून ब्रुकलिनच्या मंडळातल्या बायकांचं आणि खुद्द विवेकानंदांचं चांगलंच वाजलं होतं. वक्तृत्व स्पर्धेला विषय आयता आहे, पण कुठली शाळा ठेवायची नाही.

रखमाबाई या आणखी एका डॉक्टरीणबाईंची गोष्ट तर कोर्टातली. अकराव्या वर्षी लग्न, पुढे सासरी जायला साफ नकार. नवरा दादाजी कोर्टात गेला. 1885 साली निकाल रखमाबाईंच्या बाजूनं, अपिलात खटला उलटला आणि 1887 साली हुकूम आला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाल्या, तुरुंग. शेवटी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. त्या कॉलेजच्या उभारणीत एलिझाबेथ ब्लॅकवेल होत्या. या ब्लॅकवेलबाईंना अमेरिकेत डॉक्टरकीला प्रवेश मिळाला तो कॉलेजच्या पोरांनी थट्टा समजून ‘हो’ म्हटलं म्हणून! 1849 साली त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा थट्टा अंगलट आली.

आता आपल्या जिल्ह्याचा मान. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचारांचे. त्यांनी लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न झालं तर जावई घरजावई. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रं समस्त बायकांना नावं ठेवू लागली, तशा ताराबाई भडकल्या. 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून आलं, किंमत नऊ आणे. सगळे दुर्गुण बायकांचेच कसे, तुमचे कुठे गेले, असा रोखठोक हिशेब. टीका झाली, तेव्हा पाठराखण केली जोतिराव फुल्यांनी. ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. हेही विस्मरणात गेलं, ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत.

ज्या सुरतेच्या बातमीवर ताराबाई पेटल्या, तिथेच 1895 साली बायकांच्या इस्पितळात नवी डॉक्टरीण रुजू झाली: रखमाबाई.