कृमीची चाल आणि निरोगी वार्धक्य

आम्हां कांजूरमार्गकरांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की, याच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेत सी. एलिगन्स या जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या, ३०२ चेतापेशींच्या पारदर्शक कृमीवर संशोधन चालते. दोन-तीन आठवड्यांत जन्मापासून जरेपर्यंत पोहोचणाऱ्या या जीवाचे आयुष्य एका जनुकातील बदलाने दुप्पट होते, हे शास्त्रज्ञ सिंथिया केनियन यांनी १९९३ साली दाखविले. परंतु वाढलेले दिवस हालचालीचे की निपचित पडून राहण्याचे, हा खरा सवाल, आणि त्याचा जबाब अन्य प्रयोगशाळांतील कॅमेरे शोधीत आहेत. बशीतल्या कृमींची चित्रे ठरावीक अंतराने टिपून संगणक प्रत्येकाचा वेग नोंदवितो. तारुण्यात डौलदार नागमोडी सरपटणारा कृमी उतारवयात स्पर्श केल्यावर केवळ डोके हलवितो. मला तर नुसत्या आयुर्मानाच्या आकड्यापेक्षा चालीची ही दफ्तरनोंद कितीतरी मोलाची वाटते.