लॉगचा घात आणि साखळी नियम

मागच्या व्याख्यानात आपण साखळी नियम पाहिला. फलनाच्या आत दुसरं फलन असेल, तर आधी बाहेरच्या फलनाचं अवकलन करायचं, आतलं तसंच ठेवायचं आणि मग आतल्याच्या अवकलजाने गुणायचं. आज हाच नियम लॉगच्या घातांना लावू. इथे लॉग म्हणजे ई पायाचा नैसर्गिक लॉग, आणि क्ष धन संख्या.

सुरुवातीलाच एक फरक नीट बघून घेऊ. ‘क्षच्या घनाचा लॉग’ आणि ‘लॉग क्ष या सगळ्याचा घन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात घातांक ३ पुढे येतो, ३ लॉग क्ष मिळतं, आणि अवकलज सरळ ३/क्ष. दुसऱ्यात ३ असा पुढे आणता येत नाही, कारण घन पूर्ण लॉगचा आहे. तिथे साखळी नियमच हवा.

बाहेर घन, आत लॉग. घनाचं अवकलन केलं की ३ × (लॉग क्ष)चा वर्ग. आतल्या लॉगचा अवकलज १/क्ष. म्हणून उत्तर:

३ × (लॉग क्ष)चा वर्ग × १/क्ष

विसरायला होतो तो शेवटचा १/क्ष. तो राहिला तर काय बिघडतं? आकडे घालून बघू. लॉग १० सुमारे २.३०२६, त्याचा घन १२.२१. लॉग ११ सुमारे २.३९७९, त्याचा घन १३.७९. म्हणजे क्ष एकाने वाढला आणि फलन साधारण १.५८ने वाढलं. आपलं सूत्र १० या बिंदूवर १.५९ देतं. छान जुळलं! १/क्ष टाकला नसता तर उत्तर १५.९ आलं असतं, चक्क दहापट.

आता तीन थर घेऊ: (लॉग(क्षवर्ग + १))चा चौथा घात. बाहेरून आत जायचं, एकेक थर सोलत. घाताचे ४ × (लॉग(क्षवर्ग + १))चा घन, लॉगचा १/(क्षवर्ग + १), आणि सर्वांत आतले २क्ष. तिघांचा गुणाकार म्हणजे उत्तर:

८क्ष × (लॉग(क्षवर्ग + १))चा घन ÷ (क्षवर्ग + १)

थर जितके, तितके गुणक. उत्तर लिहून झालं की ते मोजायचे. एखादा कमी भरला, तर साखळी मध्येच तुटली आहे असं समजायचं.