दारू सोडताना देव कुणाचा?

महाड-पोलादपूरच्या गावांत दारू सोडायची म्हणजे माळ घालायची, हा जुना उपाय. माळ घातली की दारू-मटण बंद आणि संगत वारकऱ्यांची. आता मुंबईतले नातलग व्यसनमुक्ती केंद्राचे नाव सुचवतात. केंद्र ख्रिस्ती संस्थेचे निघाले, की घरात पहिला प्रश्न येतो : तिथे धर्म बदलावा लागेल का?

सगळी केंद्रे सारखी नसतात. फादर ज्यो परेरा यांनी 1981 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’मध्ये ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड आहे. या बारा पायऱ्यांचे मूळ अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती चळवळीत असले, तरी त्यांत देव ‘ज्याला जसा उमगला तसा’ मानायची मुभा आहे. याउलट 1958 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘टीन चॅलेंज’सारख्या कार्यक्रमांत येशूवरील श्रद्धा हाच उपचाराचा गाभा मानला जातो.

बारा पायऱ्यांचा उपयोग होतो का? 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 27 अभ्यास तपासले गेले. दारूपासून पूर्ण दूर राहण्यात ही पद्धत इतर मान्य उपचारांच्या तोडीची, काही बाबतींत सरस ठरली. नवी संगत, बांधलेला दिनक्रम आणि ‘मी आता पिणारा राहिलो नाही’ ही नवी ओळख यांचा आधार मोठा असतो. माळकऱ्यालाही तोच आधार मिळतो. त्यासाठी धर्म बदलावाच लागतो असे नाही.

मात्र माळ असो वा प्रार्थना, पहिले काही दिवस डॉक्टर हवाच. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर 6 ते 24 तासांत हातापायांना कंप सुटतो, काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. योग्य औषधे आणि ‘बी-1’ जीवनसत्त्व यांनी हा धोका बराच टळतो.

दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक आजार 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात येतात, आणि उपचारात धर्मावरून भेदभाव करायला हा कायदा मनाई करतो. म्हणून दाखल करण्याआधी विचारा : डॉक्टर रोज येतात का? प्रार्थना ऐच्छिक आहे का? घरच्यांना भेटता येते का? उत्तरे टाळली गेली, तर दुसरे केंद्र बघा. सल्ल्यासाठी 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. कंप सुटलेल्या माणसाला मात्र आधी दवाखान्यात न्यावे.