जस्ताचं पिस्तूल, बिदरची माती

फ्रिजवरचं चुंबक घ्या. गणपतीचं असलं तरी चालेल, तो रागावत नाही. पिस्तुलाच्या नळीला लावा, टक् करून बसेल. आता तेच पिस्तुलाच्या अंगाला, मुठीच्या वरच्या जाड भागाला लावा. घसरून खाली. बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात, आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, एका रविवारी सकाळी मला असा शोध लागला की इतकी वर्षं ज्याला मी पोलादी समजत होतो ते माझं एअर पिस्तूल बव्हंशी जस्ताचं आहे.

जत्रेत फुगे फोडायला देतात त्या बंदुकीचं हे धाकटं भावंड. आत स्प्रिंग आणि दट्ट्या, तोंडात साडेचार मिलिमीटरचा छर्रा, आणि नेम जत्रेतल्या बंदुकीइतकाच प्रामाणिक. अंगठा टेकतो तिथला काळा रंग उडाला होता, नळीवर गंजाचे ठिपके आले होते. घासून-पुसून, रंगवून नवं करू, दोन रविवारांचं काम, असा हिशेब केला. पाच लागले. त्या पाच रविवारांत हाती लागलेला हा माल.

आधी कायदा, मग काथ्या

4.5 मिलिमीटर (म्हणजे .177) व्यासाच्या आणि 20 ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअरगनला 2016च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. माझ्यासारखी स्वस्त स्प्रिंगची पिस्तुलं त्या 20 ज्यूलच्या आसपासही फिरकत नाहीत. दारूगोळ्याचं खरं पिस्तूल मात्र वेगळी जात. त्याची डागडुजी परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायची. 1959च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम तर थेट पॉलिश पेपर हातात घेणाऱ्यालाच उद्देशून लिहिल्यासारखं आहे: बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखीची खूण घासणं, काढणं, बदलणं हा गुन्हा. सहावं कलम म्हणतं, दिसायला बंदुकीसारखी असलेली वस्तू परवान्याशिवाय खऱ्या बंदुकीत बदलायची नाही. थोडक्यात, रंगाच्या पलीकडे हात घालायचा नाही. आणि रंग सुरेख जमला म्हणून मित्राला दाखवायला पिशवीत घालून मेट्रोच्या पर्पल लाइनवर निघायचं तर मुळीच नाही. सिंगय्यनपाळ्याच्या स्टेशनवर स्कॅनरसमोर बसलेल्या माणसाला आतलं जस्त दिसत नाही, आकार दिसतो.

चार अक्षरांचा धातू

या जस्ताचं बाजारातलं नाव झॅमॅक. त्सिंक, अल्युमिनियम, मॅग्नेशियम, कुप्फर या चार जर्मन धातुनावांच्या आद्याक्षरांवरून पडलं, पण हे मिश्रण घडवलं अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीनं, 1929च्या सुमारास. साधारण 385 अंशांना वितळतं. पोलादाला 1,400च्या वर जावं लागतं, म्हणून हे एकाच साच्यात हजारो वेळा ओतता येतं. दाराच्या मुठी, नळाच्या चाव्या, बॅगेच्या चेन, पोरांच्या छोट्या धातूच्या गाड्या, सगळीकडे हाच महाशय. पिस्तूल स्वस्त का, याचं उत्तर एवढंच.

घरगुती हौशी माणसाचा घोळ इथूनच सुरू होतो. गंज घालवायला आपण व्हिनेगर घेतो. पोलादी नळीला ते मानवतं. जस्ताचा भाग त्यात टाकला तर बुडबुडे येतात, आणि ते बुडबुडे म्हणजे तुमचं पिस्तूल विरघळत असतं. बरं, आम्ल नको तर अल्कली घेऊ, म्हणून मोरी साफ करायची पूड आणावी, तर तीही जस्त खाते. अल्युमिनियमही खाते. दोन्ही बाजूंनी खाल्ला जाणारा धातू. शेवटी साधा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर यांच्यावर भागवलं.

निळा रंग म्हणजे चांगला गंज

जुन्या बंदुकांच्या नळीवर जो गर्द निळसर-काळा रंग असतो त्याला इंग्रजी धंद्यात ब्लूइंग म्हणतात. तो रंग नसतोच, गंज असतो. लोखंडाचा लाल गंज पापुद्रे धरतो, फुगतो, सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा हवेला उघडं पाडतो. काळा गंज, म्हणजे मॅग्नेटाइट, तसा नाही. तो घट्ट बसतो. जुनी पद्धत त्यावरच बेतलेली: नळीवर मुद्दाम लाल गंज चढू द्यायचा, मग उकळत्या पाण्यात ठेवायची. लालाचा काळा होतो. वरची भुकटी बारीक तारेच्या काथ्यानं काढायची, पुन्हा गंजवायची, पुन्हा उकळायची. सहा-सात वेळा तरी. सासुरवाशिणीसारखी चिकाटी हवी, असं माझी आजी म्हणाली असती. कारखान्यात हेच काम तीव्र कॉस्टिक आणि नायट्रेटच्या 140 अंशांच्या आसपासच्या द्रावणात काही मिनिटांत उरकतं. त्यात पाण्याचा एक थेंब चुकीच्या वेळी पडला तर ते अंगावर उडतं. बाल्कनीत, शेजारच्या काकूंच्या पापडांशेजारी, हे करायची गोष्ट नव्हे.

बाटलीत मिळणारं थंड ब्लूइंग दिसायला गरीब असतं, पण त्यात बहुधा सेलेनियमची संयुगं असतात. ती विषारी. हातमोजे हवेत, हवा खेळती हवी, आणि उरलेलं मोरीत ओतायचं नाही. महादेवपुऱ्यात राहून हे कुणी शिकवायची गरज पडू नये. बेळ्ळंदूर आणि वर्तूर ही तळी आमच्याच भागातली. सांडपाणी आणि डिटर्जंटच्या फेसाचे ढग रस्त्यावर उडत येताना इथल्या लोकांनी पाहिलेत, आणि 2018च्या जानेवारीत बेळ्ळंदूर तळ्याला लागलेली आग विझवायला लष्कराचे जवान उतरले होते. ज्या गावात पाणी पेट घेतं तिथे माझी सेलेनियमची बाटली मी झाकण घट्ट लावून कपाटात ठेवली. अजून तिथेच आहे.

स्क्रूंची गंमत मात्र फुकटात झाली. पोलादाचा छोटा स्क्रू घासून लख्ख करा आणि हळूहळू तापवा. 230 अंशांच्या आसपास तो वाळल्या गवतासारखा पिवळा होतो, मग तपकिरी, जांभळा, आणि 300च्या जवळ मोरपिशी निळा. त्याच क्षणी थांबायचं, नाहीतर तो राखाडी होतो. इथेही रंग कुठेच नसतो. ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखा तो उजेडाशी खेळतो. जुन्या घड्याळांचे निळे काटे असेच भाजलेले असतात. माझे चारपैकी तीन स्क्रू निळे झाले. चौथा मेथीच्या ठेपल्यासारखा.

आणि मग बिदर

नळी झाली, स्क्रू झाले. उरलं जस्ताचं अंग. लोखंडाची सगळी विद्या त्याच्यापुढे फुकट, कारण लोखंडच नाही तर लोखंडाचा गंज कुठून येणार? जस्ताला काळं कसं करायचं, या प्रश्नाला मी दोन संध्याकाळी भिडलो. मग लक्षात आलं की आमच्याच दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी, कुणीतरी लग्नात दिलेली बिदरी फुलदाणी उभी आहे. काळीभोर. चांदीची वेल. आणि आतून जस्त!

बिदर म्हणजे लातूर-उदगीरच्या पलीकडचं गाव. भालकी-औरादकडे मराठी घराघरांत ऐकू येते. बिदरच्या बहमनी काळापासूनच्या या कलेत जस्तात थोडं तांबं मिसळतात. कारागीर सोळास एक असं प्रमाण सांगतात. भांडं ओतायचं, घासायचं, त्यावर टाकीनं नक्षी कोरायची आणि खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची. या टप्प्याला भांडं शिशासारखं करडं असतं, चांदी नीट दिसतही नाही. खरी जादू शेवटी. बिदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागरात आणि पाण्यात कालवतात, आणि तापवलेलं भांडं त्यात फिरवतात. बघता बघता जस्त काळं होतं आणि चांदी जशीच्या तशी राहते. माती चांगली आहे की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. जुन्या भिंतींच्या आडोशाच्या मातीत सोरा साठतो, आणि जिभेला तोच लागत असणार.

नवसागर हा शब्द वाचून माझ्या पिढीच्या नाकात एक वास येईल. कल्हईवाला. तांब्या-पितळेचं पातेलं भात्यावर लाल करायचा, चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा, कापसाचा बोळा आणि आरशासारखं भांडं. तोच क्षार. स्वयंपाकघरात त्यानं भांडं पांढरं केलं, बिदरात काळं केलं.

अर्थात माझ्या पिस्तुलाला ही माती लावून उपयोग नव्हता. बिदरीचा काळेपणा तांब्याच्या जोरावर येतो: वरवरचं जस्त झिजतं, तांबं मागे राहतं आणि त्याचा काळा थर धरतो. झॅमॅकच्या नेहमीच्या प्रकारात तांबं नावाला असतं किंवा नसतंच. म्हणजे न्यू जर्सीच्या मंडळींनी नावात तांब्याचं अक्षर ठेवलं आणि धातूत ठेवायला कंजूषपणा केला. शेवटी मी प्रायमर आणि काळ्या मॅट स्प्रेचा डबा आणला. हरलो, पण निदान कुणापुढे हरलो ते कळलं.

कानडी पोलाद, लंडनचा बुकबाइंडर

पोलादाचा विषय निघालाच आहे तर इथल्या मातीचा मानही घेऊ. युरोपात ज्याला वूट्झ म्हणत ते दक्षिणेतलं मुशीतलं पोलाद, आणि तो शब्द कानडी ‘उक्कु’वरून गेला असं बहुतेक अभ्यासक मानतात. घासून आम्ल लावलं की या पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. ती वरून काढलेली नसते, आतच असते. हे काय गौडबंगाल आहे म्हणून 1819-20च्या सुमारास लंडनमध्ये ज्यानं त्याचं पृथक्करण केलं आणि तसं पोलाद बनवायचा प्रयत्न केला तो मायकेल फॅरडे. विजेचा फॅरडे. त्याआधी तो पुस्तकं बांधायचा.

किरकोळ, पण सोडवत नाही

‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले, पाव, साबण, चावी आणि पगार यांच्यासोबत. एकाच गलबतातून उतरलेलं हे संमिश्र कुटुंब.

एअरगन म्हणजे खेळणं, असं म्हणणाऱ्याला जिरांडोनी सांगा. 1780च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात आलेली ही हवेची बंदूक एका भरणीत वीसेक गोळ्या झाडायची, तेव्हा बाकीचं जग एक गोळी ठासण्यात गुंतलेलं होतं. हवेची टाकी भरायला दीडेक हजार वेळा पंप मारावा लागे, हे विकणाऱ्यानं आधी सांगितलं असेल का, कोण जाणे.

छऱ्याचा आकार कमरेत आवळलेला असतो, डमरूसारखा. युरोपात त्याला दोरीवर फिरवायच्या डायबोलो नावाच्या खेळण्याचं नाव मिळालं. आपल्याकडे कुणी लक्ष दिलं असतं तर डमरूच म्हटलं असतं. तो शिशाचा असतो, म्हणून हात धुऊनच चिवड्याला हात लावायचा.

दट्ट्याच्या नळकांड्यात यंत्राचं साधं तेल सोडू नका. हवा इतक्या जोरात दाबली जाते की तेलाची वाफ पेटते, डिझेल इंजिनात पेटते तशीच. फट् असा मोठा आवाज होतो, धूर येतो, आणि खालच्या मजल्यावरचे लोक फोन करतात.

स्पर्धेतल्या दहा मीटर एअर पिस्तुलाचं वजन 1,500 ग्रॅमच्या आत हवं आणि ते 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावायला हवं. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. गंमत अशी की तिथेही घरगुती सुतारकाम चालतं: नेमबाज लाकडी मूठ स्वतःच्या पंजाप्रमाणे कानशीनं घासतात, लाकडाची लांबी भरतात, पुन्हा घासतात. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते 25 मीटर पिस्तुलात, पण मुठीची ही तपश्चर्या तिथेही तीच.

कळलावीची फुलं

बंदुकीला सजवण्याचा सगळ्यात सुंदर प्रकार मात्र रंगाचा नाही, फुलांचा आहे. बंगळुरूपासून पाच-सहा तासांवर कोडगूत कोडव लोकांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला, भाताची लावणी आटोपली की, ते कैलपोळ्द साजरा करतात. घरातल्या बंदुका पुसून देवघरात मांडतात आणि त्यांना तोकू पू खोचतात. म्हणजे आपली कळलावी. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी पाकळी, आणि कंद जबर विषारी. बंदुकीवर खोचायला याहून चपखल फूल शोधून सापडणार नाही.

आमच्याकडे आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. महादेवपुऱ्यात त्या दिवशी आयटी कंपन्यांच्या दारात कुंकू भरलेले कोहळे फुटतात, लॅपटॉपना झेंडू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी दुचाकीवाले त्याच कोहळ्यांवरून घसरतात. माझं रंगकाम त्याच आठवड्यात पुरं झालं. शेवटचा थर सुकायच्या आत एक डास त्यावर उतरला. काढायला गेलो असतो तर रंग बिघडला असता, म्हणून तो तसाच आहे, चापाच्या वर, पंख पसरून. पुण्याहून आलेल्या आईनं मिक्सर, शिलाई मशीन, स्क्रूड्रायव्हर यांच्या रांगेत पिस्तूलही मांडलं आणि मी ‘नको’ म्हणायच्या आत त्याला हळदी-कुंकवाचं बोट लावलं.

मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. कुंकू त्यात मुरलं. साबणानं जात नाही, थिनर लावला तर काळा रंगच निघतो. नीट बघितलं तर डासाच्या उजव्या पंखालाही थोडं लागलंय.